पंपाच्या पॅनलचा सप्लाय बंद करून लॉक कसा करायचा? (सोसायटी, डीजी म्हणजे डिझेल जनरेटर आहे)

वायरमन_सातारा
सोसायटीत साडेसात एचपीचे दोन पंप, स्टार-डेल्टा स्टार्टर. एकाचा मेन कॉन्टॅक्टर (मोटरला सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) बदलायचाय. सप्लाय तळमजल्याच्या कॉमन पॅनलमधल्या ३२ अँपिअर थ्री पोल एमसीबीवरून (तिन्ही फेजच्या छोट्या ब्रेकरवरून) येतो, पंपरूम तिथून लांब. एमसीबी खाली केला की थोड्या वेळात पाण्याची बोंब होते आणि वॉचमन जाऊन वर करतो. चिठ्ठी लावली तर कुणी वाचत नाही. डीजी एएमएफवर आहे (लाईट गेली की आपोआप सुरू होतो), छतावर सोलर. लॉक कुठे आणि कशाने करायचं?

पॅनलवाला
आधी टाकी भरून घ्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

लॉक त्याच ३२ अँपिअरच्या एमसीबीला लावा, महावितरणच्या बाजूच्या मेनला नाही. हा एमसीबी चेंजओव्हरच्या (महावितरण की डीजी ते बदलणाऱ्या स्विचच्या) पुढे आहे, त्यामुळे वीज महावितरणची असो की डीजीची, पंपाला जाणार ती इथूनच. मेन पाडला तर एएमएफला वाटतं लाईट गेली. डीजी आपोआप सुरू होतो आणि तुमचा हात पॅनलमध्ये असताना सप्लाय परत येतो. बसबारवर (पॅनलमधल्या मुख्य सप्लायच्या पट्ट्यांवर) काम असेल तेव्हाच मेन पाडायचा. त्या वेळी डीजीचा मोड ऑफवर ठेवून बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि सोलरचा ब्रेकरही लॉक करा.

एमसीबी लॉकआउट (एमसीबीवर बसवून कुलूप लावायची क्लिप) विकत घेताना एमसीबीचा फोटो दुकानात न्या. टॉगलच्या (वर-खाली होणाऱ्या खिट्टीच्या) बाजूला भोकं असतील तर काहींना आत शिरणारी पिन लागते, काहींना बाहेर पसरणारी. तिन्ही टॉगल जोडणारी पट्टी असेल तर टाय-बारचा प्रकार. कुलूप बारीक कडीचं, किल्ली एकच आणि ती तुमच्या खिशात. कमिटीच्या ड्रॉवरमध्ये दुसरी किल्ली असेल तर त्या कुलपाला काही अर्थ नाही. प्लंबर त्याच वेळी कपलिंग खोलणार असेल तर हॅस्प (एकाच जागी अनेक कुलपं लावता येतील अशी कडी) लावा, त्यात त्याचं कुलूप वेगळं. टॅगवर नाव, मोबाईल, तारीख आणि 'पंपावर माणूस काम करतोय' एवढं मोठ्या अक्षरात.

मिरजकर_इलेक्ट्रिक
लॉक झालं म्हणजे वायर मेली असं नाही. स्टार्ट बटण दाबून पंप सुटला नाही, हाही पुरावा नाही. ओव्हरलोड रिले ट्रिप असेल किंवा टाकीचा फ्लोट (पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच) उघडा असेल तरी पंप सुटत नाहीच.

स्क्रूड्रायव्हर टेस्टरवर विसंबू नका. रबरी मॅटवर किंवा लाकडी शिडीवर निऑन मंद पेटतो, उन्हात दिसतच नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा मल्टीमीटर घ्या. चालू असलेल्या शेजारच्या फीडरवर (दुसऱ्या सर्किटवर) आधी तपासा, मग कॉन्टॅक्टरच्या इनकमिंगला, मग पुन्हा त्याच चालू फीडरवर. ही तिसरी तपासणी लोक टाळतात. लीड मधेच तुटली असेल तर मीटर शून्यच दाखवणार. नॉब चुकून डीसीवर राहिला तरी एसीला शून्यच.

न्यूट्रल धरून थ्री फेजला एकूण १० मोजण्या होतात (आर, वाय, बी म्हणजे तीन फेज): आर-वाय, वाय-बी, बी-आर, तिन्ही फेज न्यूट्रलला, तिन्ही अर्थला, आणि शेवटी न्यूट्रल-अर्थ. शेवटची विसरू नका. सुटलेला किंवा दुसऱ्या सर्किटशी सामायिक न्यूट्रल तिथेच सापडतो.

वायरमन_सातारा
टेस्ट लॅम्प चालेल का? आणि बंद वायरवर मीटर कधी कधी ६०-७० व्होल्ट दाखवतो, ते काय?

मिरजकर_इलेक्ट्रिक
६०-७० हा बहुतेक वेळा शेजारच्या चालू वायरचा भास असतो. डिजिटल मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून तो दिसतो. लो-झेड मोडवर (मीटर स्वतः थोडं लोड घेतो तो मोड) किंवा लॅम्पने लोड दिलं की उतरतो. उतरला नाही तर तो खरा सप्लाय धरा.

फेज-टू-फेज ४१५ असल्याने लॅम्प दोन सिरीजमध्ये, दोन्ही एकाच वॅटचे, साध्या फिलामेंटचे. एक ४० आणि एक १०० जोडला तर ४० वर जास्त व्होल्टेज पडून तो उडतो, आणि मग चालू लाईनही बंद भासते. लॅम्प फेजवरून पॅनलच्या बॉडीला लावू नका. अर्थिंग तुटलेलं असेल तर बॉडीच चालू होते.

पॅनलवाला
एक राहिलं, आणि पंपाच्या पॅनलमध्ये सगळ्यात जास्त फसवतं तेच. लेव्हल कंट्रोलरच्या (टाकीच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणाऱ्या यंत्राच्या) वायरी. कंट्रोलर गच्चीवरच्या लाईट डीबीवरून (लाईटच्या वेगळ्या एमसीबी बॉक्सवरून) चालत असेल तर पंपाचा एमसीबी लॉक असूनही स्टार्टरच्या कंट्रोल टर्मिनलवर २३० उभा असतो. टर्मिनल स्ट्रिपचा प्रत्येक स्क्रू न्यूट्रलला आणि अर्थला मोजा. कुठे व्होल्टेज सापडला तर तो एमसीबी शोधून त्यालाही वेगळं कुलूप.

वायरमन_सातारा
जुन्या मेकचा एमसीबी आहे, टॉगलला भोकंच नाहीत.

पॅनलवाला
मग टॉगलवर स्क्रूने आवळून बसणारा क्लॅम्प घ्या, तो बहुतेक मेकना बसतो. तोही बसला नाही तर ठरवून शटडाऊन घ्या: मेन पाडून, डीजी ऑफ करून, बसबार मोजून त्या एमसीबीच्या आउटगोइंगच्या तिन्ही वायरी काढा. प्रत्येकीवर कनेक्टर कॅप, वर टेप, आणि आर-वाय-बी लिहा. क्रम चुकला तर नवीन कॉन्टॅक्टरवर पंप उलटा फिरेल.