शब्दचर्चा: ‘फ्युगे’ म्हणजे पलायन की हद्दपारी?

प्रश्न: अथेन्सच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘फ्युगे’ या ग्रीक शब्दाला कोशात ‘पलायन’ही दिलंय आणि ‘हद्दपारी’ही. माणूस आपणहून पळाला की त्याला हाकललं? ‘तडीपारी’ चालेल का?

उत्तर १: तडीपारी नको, लगेच पोलिसांची नोटीस डोळ्यांसमोर येते. आणि पळाला की हाकलला, हा भेद तो शब्द करतच नाही. मूळ क्रियापद ‘फेउगेइन’, म्हणजे पळणं. (उच्चार ‘फळ’मधल्या फ चा, ‘फोन’मधला नव्हे.) अथेन्सच्या कोर्टात आरोपीला ‘फेउगोन’, म्हणजे पळणारा, आणि फिर्यादीला ‘दिओकोन’, म्हणजे पाठलाग करणारा म्हणत, आरोपी बापडा समोर उभा असला तरी! खुनाच्या खटल्यात पहिलं भाषण झालं की आरोपीला देश सोडून जायची मुभा असे. गेला तर जीव वाचला, पण परतीची वाट बंद. आता याला काय म्हणाल?

इतिहासकार थ्युसिडिडीसचंच बघा, तो अथेन्सचा सेनापतीही होता. इ.स.पू. ४२४ मध्ये अँफिपोलिस हे शहर अथेन्सच्या हातचं गेलं, त्यानंतर वीस वर्षं आपल्याला देशाबाहेर राहावं लागलं, असं तो लिहितो. क्रियापद हेच. खटला झाला की तो आधीच सटकला, याबद्दल त्या वाक्यात चकार शब्द नाही. तिथे ‘हद्दपार केलं’ लिहिलंत तर तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त बोललात. मी ‘परागंदा झालो’ लिहीन.

उत्तर २: ‘परागंदा’त अन्नान्नदशेची छटा आहे. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस, त्याला ती कशी लावणार? देशद्रोहाच्या आरोपानंतर तो पळाला तो थेट इराणच्या बादशहाकडे. बादशहाने त्याला तीन गावं दिली: मॅग्नेशिया भाकरीसाठी, लॅम्पसाकस दारूसाठी आणि म्युस तोंडीलावण्यासाठी. असला परागंदा कुणाला आवडणार नाही!

उत्तर १: मान्य. त्याच्यासाठी सरळ ‘देशत्याग’ लिहा. मात्र त्याआधी त्याच्यावर खापऱ्यांचं मतदान (ज्याला घालवायचं त्याचं नाव नागरिक खापरीवर लिहीत) झालं होतं, ते यात मिसळू नका. त्यात आरोप नाही, खटला नाही. दहा वर्षं बाहेर राहायचं, जमीनजुमला शाबूत. कोर्टाने कायमचं घालवलं असेल तर शब्दच वेगळा येतो, ‘आएइफ्युगिया’. तिथे बेलाशक ‘कायमची हद्दपारी’ लिहा.