मदत हवी आहे: आईसोबत सावर-सुरंगीची फुलं आणि कर्णा पक्षी (ट्रोगॉन) बघायला गोव्यात तांबडी सुर्ल की खोतीगाव?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची. येत्या फाल्गुनात आईला घेऊन तीन दिवस सह्याद्रीच्या पायथ्याशी पक्षी आणि फुलं बघायला जायचंय. आई ६९ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. सपाट वाटेवर अर्धा तास आरामात चालते, चढ मात्र नको.

गेल्या वर्षी मार्चअखेरीस मोलेच्या बाजूला गेलो, तेव्हा काटेसावर ओसरली होती, झाडावर नुसती बोंडं. आई हिरमुसली. तिला फुललेल्या सावरीखाली बसायची फार हौस. सकाळी मैना, बुलबुल, कोतवाल त्या लाल पेल्यांत चोची खुपसतात, कपाळाला पराग माखून वर येतात, आणि मधूनच एखादं जड फूल थप्पकन शेजारी पडतं. दुसरी ओढ सुरंगीची. तिच्या माहेरी, काणकोणात, परसात सुरंगी होती. फांदीला चिकटून आलेल्या कळ्या उमलायच्या आत, पहाटेच काढून वळेसर (गजरे) करायचे. सावर आणि सुरंगी दोन्ही मिळायची तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरू का?

आता खरी अडचण. त्या सहलीत सोबतच्या वाटाड्याने कर्णा दाखवायला मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवला, पुन्हा पुन्हा. नर आला, लालभडक पोट, पण एका जागी ठरेना, या फांदीवरून त्या फांदीवर नुसता कावराबावरा. हे त्यांच्या विणीचे दिवस. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असं समजून तो येतो, त्यात त्याचा वेळ आणि ताकद फुकट जाते. आई म्हणाली, "पुरे रे, त्याला घरी जाऊ दे." आम्ही तिथूनच परतलो. मला तेव्हाच बोलायला हवं होतं, ते अजून सलतं.

म्हणून आवाज न वाजवता, एका जागी शांत बसून पक्षी दाखवणारं कोणी ओळखीचं आहे का? नाव-नंबर इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तांबडी सुर्लला देवळापर्यंतची वाट सपाट आहे, आईला कदंबांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं देऊळही आवडतं. खोतीगाव तिच्या माहेराजवळ. पण तिथे गाडीरस्त्यालगत बसून धनेश दिसतात का? मादी ढोलीत कोंडून घेते आणि नर फळं आणून भरवतो, ते तिला लांबूनच बघायचंय. ढोलीजवळ आम्ही जाणार नाही.

गाडी आमची आहे, पहाटे साडेपाचला निघायची तयारी आहे. मुक्काम मात्र तळमजल्यावर हवा.