होलोडेक दोनच, माणसं दीडशे

वर कोणीतरी लिहिलंय की स्टार ट्रेक मालिकेतल्या व्हॉयेजर या अंतराळजहाजावर होलोडेक (हवं ते खोटं जग खऱ्यासारखं उभं करणारी खोली) आधी ऑफिसर लोकांनाच द्यायला हवा, त्यांना टेन्शन जास्त. मला हे अजिबात पटत नाही. दोन होलोडेक म्हणजे दिवसाचे ४८ तास, माणसं साधारण १५०, प्रत्येकाला एकट्याला तासभर दिला तरी नंबर तीन दिवसांनी लागणार, आणि घर म्हणजे पृथ्वी ७०,००० प्रकाशवर्षं लांब, मग खाली इंजिन सांभाळणाऱ्याला घरची आठवण काय कमी येते का? म्हणून जहाजाचा पायलट टॉम पॅरिसने होलोडेकवर उभा केलेला तो सँड्रीनचा बार मला फार आवडतो, सगळे एकत्र जमतात. आमच्या नाशकात मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते ना, कोणीही या नि बसा, अगदी तसं. एकट्याचे स्लॉट ठेवा की, पण रात्रपाळी सुटल्यानंतरचे तास त्या पाळीवाल्यांनाच मिळायला हवेत.