इमारतीचे वीजबचतीचे स्टार कसे मोजायचे? (राजारामपुरी, कोल्हापूर; ऑफिस आणि बंगला)

रंकाळाकाठ
ऑफिसची इमारत आहे, जवळजवळ सगळीकडे एसी. बांधकाम 14,000 चौ. फूट, त्यात तळाचं पार्किंग 3,000. मंजूर भार 110 किलोवॉट, वर्षाला 1,62,000 युनिट. 14,000 चौ. फूट म्हणजे 1,301 चौ. मी., त्याने भागलं तर चौ. मी.मागे वर्षाला 124.5 युनिट येतात, म्हणजे चार स्टार ना? शेजारच्या जुन्या बंगल्याचं काय करायचं?

लोडशीट
भावा, भागाकार बरोबर आहे, क्षेत्रफळ चुकलं. पार्किंग धरत नाहीत. 11,000 चौ. फूट म्हणजे 1,022 चौ. मी., आकडा येतो 158.5. बीईईच्या (केंद्राचा ऊर्जा बचत विभाग, हेच स्टार देतात) 2009 च्या ऑफिस योजनेत (100 किलोवॉटपासून पुढे, म्हणजे तुम्ही बसता) उष्ण-दमट हवामान पट्ट्यात, निम्म्याहून जास्त जागेत एसी असेल तर 100 ते 125 ला चार, 150 ते 175 ला दोन. चारवरून थेट दोनवर आलात. तोच आकडा उष्ण-कोरड्या पट्ट्यात एकच स्टार देतो, म्हणून आधी पट्टा नक्की करा.

युनिटही तपासा. लिफ्ट-पंपाचा मीटर वेगळा असतो, तो हमखास राहतो. जनरेटरचे युनिट मिळवायचे, छतावरच्या सोलरचे नाही. बिलात सरासरी लागलेले महिने असतील तर बेरीज करूच नका. वर्षाच्या सुरुवातीचं मागील रीडिंग आणि शेवटचं चालू रीडिंग घ्या, वजाबाकी करा आणि बिलावरच्या गुणक अवयवाने (रीडिंगला ज्याने गुणलं की खरे युनिट येतात तो आकडा) गुणा. हा गुणाकार विसरला की इमारत कागदावर फुकटात पाच स्टार होते!

कोबावाला
बंगल्यासाठी स्टारमागे लागण्यापेक्षा स्लॅब बघा. इको निवास संहिता 2018 मध्ये (घरांसाठीचे ऊर्जा बचतीचे नियम) छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून किती उष्णता आत येते त्याचा आकडा, 1.2 च्या आत हवा. सहा इंची उघडा स्लॅब साधारण 3.5 ते 4 वर असतो. 25 मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारी कडक फोमची शीट) घातली की तो 1 च्या आसपास येतो.

क्रम महत्त्वाचा: स्लॅब, वॉटरप्रूफिंग, शीट, मग उतार देऊन कोबा (सिमेंटचा थर) आणि वर पांढरे चायना चिप्स (फरशीचे तुकडे). शीटचे सांधे टेपने बंद करा, नाहीतर कोब्याचं पाणी फटीत उतरतं आणि तिथूनच उष्णता आत येते. आतून थर्माकोल चिकटवू नका. आपल्याकडच्या पावसात वरून गळती लागली तर थर्माकोलमागे पाणी साठतं, सळई गंजते आणि प्लास्टर पडेपर्यंत पत्ता लागत नाही.

रंकाळाकाठ
दोनाचे तीन स्टार करायला किती युनिट वाचवावे लागतील?

लोडशीट
उष्ण-दमट धरलं तर 150 गुणिले 1,022, म्हणजे 1,53,300. त्याच्या खाली यायला 8,700 युनिट. पहिल्यांदा एसी 20 वरून 24 वर आणा. बीईईच्या म्हणण्याप्रमाणे अंशामागे एसीची सुमारे 6 टक्के वीज वाचते. नवीन एसी लगेच नको. घ्यायचाच झाला तर लेबलवरचा काळ बघा: 2018 चा 4.5 आयएसईईआरवाला (एसीची कार्यक्षमता सांगणारा आकडा, जास्त तितका चांगला) पाच स्टार एसी जुलै 2022 च्या तक्त्यात चार स्टार झाला.