मदत हवी आहे: ब्रिटिश मालिकांचे अमेरिकन अवतार

मंडळी, 'द ऑफिस'चं मूळ ब्रिटिश रूप (2001) नुकतंच संपवलं. दोन सीझन आणि ख्रिसमसचे दोन भाग, बस्स! रिकी जर्व्हेसचा तो बॉस बघताना आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. मग अमेरिकन (2005) सुरू केली, तर पहिला भाग जवळपास मूळ पटकथेचीच नक्कल. तिथेच अडकलेय. यातला बॉस, म्हणजे स्टीव्ह करेलचा मायकल, पुढे मवाळ होतो म्हणे. नऊ सीझन आहेत हो, थेट दुसऱ्यापासून बघितलं तर चालेल का?

दुसरं, 'स्टेप्टो अँड सन'वरून झालेली 'सॅनफर्ड अँड सन' (1972) कुणी पाहिलीय? लंडनचे भंगारवाले बापलेक लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय झाले, ही कल्पनाच भारी वाटते. आधी मूळ बघू की थेट हीच? ('कपलिंग'ची अमेरिकन आवृत्ती सुचवू नका, ती चार भागांतच गुंडाळली होती!)