लव्हलँडचं चापुंगू पार्क: शिल्पं विषयाप्रमाणे लावायची की शिल्पकाराप्रमाणे?

माळरान
कोलोरॅडोत लव्हलँडला चापुंगू स्कल्प्चर पार्क आहे. झिंबाब्वेच्या शोना (तिथला मोठा समाज) दगडी शिल्पांची बाग, २६ एकर, ८० च्या वर शिल्पं, २००७ साली उघडली, तिकीट नाही. शॉपिंग सेंटरला लागूनच आहे, म्हणजे बायको दुकानात आणि नवरा दगडांत अशी पुष्कळ जोडपी दिसतात. पार्क सुंदर आहे यावर वाद नाही. माझं भांडण मांडणीशी आहे. सगळं आठ विषयांत वाटलंय: गावातलं जीवन, बायकांचं स्थान, म्हातारी माणसं, मुलं, कुटुंब, निसर्ग, चालीरीती नि दंतकथा, आणि आत्म्यांचं जग. माणूस तासभर फिरतो आणि "आफ्रिकन लोक कुटुंबाला किती मानतात ना" म्हणत बाहेर पडतो, एकाही शिल्पकाराचं नाव त्याला सांगता येत नाही. रोदँची शिल्पं कोणी "फ्रेंच लोकांच्या चालीरीती" अशा पाटीखाली लावेल का? निकोलस मुकोंबेरान्वा पोलिसात नोकरी करत होता, ती सोडून पूर्णवेळ दगडाकडे वळला. कॉलीन मदामोंबेच्या बायका म्हणजे जाडजूड, घेरदार स्कर्टवाल्या, एकदा बघितल्या की शंभरात ओळखू येतात. डॉमिनिक बेन्हुराची मुलं खेळत असतात, चेहऱ्यावर नाक-डोळे नाहीत तरी हसताहेत हे कळतं. ही तीन वेगवेगळी डोकी आहेत हो, एका जमातीचा एक आवाज नाही. माझं मत: शिल्पकाराप्रमाणे लावा.

गुळपोळी
असहमत. नावं पाट्यांवर असतातच, वाचणारा वाचतो. तिथं येणारे कोण? कुत्रा फिरवणारे, स्ट्रोलरवाले, आमच्यासारखे पोराला दमवायला आणणारे. त्यांना "मुलं" असा विभाग म्हटला की धरायला काहीतरी मिळतं, एखादं अनोळखी नाव वाचून काय मिळणार. हा संग्रह आधी बागांमधूनच फिरलाय, २००० साली लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये होता, म्हंजे मांडणी बागेत येणाऱ्या माणसासाठी आहे, म्युझियमवाल्यांसाठी नै.

जुनीपेठ
माळरान यांना +१, पण कारण जरा वेगळं. आत्मे, दंतकथा ही चौकट पार्कवाल्यांची नाही, ती जुनी आहे. १९५७ ला सॉल्सबरीत (आत्ताचं हरारे) ऱ्होड्स नॅशनल गॅलरी उघडली, तिचा पहिला डायरेक्टर फ्रँक मॅकइवन, पॅरिसमधून आलेला. त्याने वर्कशॉप काढलं, जोराम मारिगासारख्या शिल्पकारांना पुढे आणलं, १९७१ ला पॅरिसच्या रोदँ म्युझियममध्ये प्रदर्शन लावलं, आणि हे सगळं करताना सतत सांगितलं की ही कला थेट पूर्वजांच्या आत्म्यांकडून येते, पाश्चात्त्य शिक्षणाने ती बिघडेल. त्याचे उपकार आहेतच, पण त्या बोलण्यामुळे शिल्पकार नुसता माध्यम ठरला, कर्ता कोणीतरी दुसराच. आता तेंगेनेंगे बघा, झिंबाब्वेतलं शिल्पकारांचं गाव. तंबाखूचा शेतकरी टॉम ब्लोमफील्ड, १९६५ च्या स्वातंत्र्यघोषणेनंतर ऱ्होडेशियावर (झिंबाब्वेचं तेव्हाचं नाव) निर्बंध आले, तंबाखू विकेना, त्याच्या जमिनीत सर्पेंटाइन दगड निघाला, १९६६ पासून मजुरांच्या हातात छिन्नी आली. तिथं झाडांखाली हजारो शिल्पं उघड्यावर उभी असतात आणि प्रत्येक शिल्पकाराची आपली स्वतःची जागा. म्हणजे शिल्पकारवार मांडणी त्यांच्याच देशात आहे, कुणाला नवीन शोध लावायची गरज नाही. शिवाय तिथले कितीतरी शिल्पकार मलावी, अंगोला, मोझांबिकहून आलेले, शोना नाहीतच, त्यांना "शोना चालीरीती" खाली कसं बसवणार?

रोखठोक
वा, म्हणजे आत्मे-बित्मे गोऱ्यांनी चिकटवले असं एकदा ठरवलं की झालं. बर्नार्ड मातेमेराचं 'द मॅन हू एट हिज टोटेम' नावाचं शिल्प आहे. आपल्या कुळाचा प्राणी खाल्ला की माणसाचं काय होतं, हा तिथल्या घराघरातला विषय. मातेमेराला १९८६ ला दिल्लीच्या त्रैवार्षिक कला प्रदर्शनात ललित कला अकादमीचा पुरस्कार मिळाला. हा विषय त्याला कोणी पॅरिसहून पाठवला नव्हता. तुम्हाला आधुनिक कलाकार हवाय म्हणून त्याच्या डोक्यातला आत्मा काढून टाकायचा, ही पण जबरदस्तीच की.
आणि पोटाचं बोला जरा. २००० नंतर झिंबाब्वेत जमिनीचे प्रश्न पेटले, टुरिस्ट आटले, मग महागाईने कहर केला. घ्यायला येणारं गिऱ्हाईक बाहेरचं, आणि त्याला गोष्ट लागते. "कुटुंब" विकलं जातं, "निकोलस" नाही.

जुनीपेठ
मातेमेराचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूला जातो ना. कुळाचा प्राणी त्याने *त्याच्या* पद्धतीने केला, फुगलेली अंगं, हातापायाला बोटं कमी. हेन्री मुन्यारादझी तोच विषय करेल तर गोल डोळे आणि चार रेघांत संपवेल. शेजारी शेजारी एकाच "दंतकथा" विभागात ठेवल्यावर बघणारा दंतकथा बघतो, हात बघत नाही.

कोरडवाहू
आपल्याकडे वारलीचं हेच झालं. चित्रकार भास्कर कुलकर्णींमुळे कागदावर आली, जिव्या सोमा मशेंना २०११ ला पद्मश्री मिळाली, तरी कपवर, पडद्यावर, रिसॉर्टच्या भिंतीवर लिहिलेलं असतं फक्त "वारली". मशेंचं जाळं आणि मासे ओळखणारे किती?

छिन्नीहातोडा
तुम्ही विषय-विषय करताय, दगड उघड्यावर आहे त्याचं काय? स्प्रिंगस्टोनचा (सर्पेंटाइनचाच एक कठीण प्रकार) तो काळाभोर चकाकता रंग असाच येत नाही, पाणी टाकून पॉलिश पेपरने घासतात, मग आगीने तापवून मेण लावतात, गरम दगड मेण पितो आणि काळा होतो. उन्हात ते मेण जातं, वर लव्हलँडचा बर्फ. धुऊन परत मेण लावत राहावं लागतं, नैतर दगड राखाडी पडतो. आणि जिथं शिल्पकार मुद्दाम तपकिरी खडबडीत साल तशीच ठेवतो, केसांना नाहीतर कपड्याला, तिथं पॉलिश आणि खडबडीतला फरकच नाहीसा होतो. मदामोंबेचं अर्धं काम त्या फरकावर चालतं. आधी मेण, मग पाट्या.

गुळपोळी
@छिन्नीहातोडा हे पहिल्यांदाच कळलं, पुढच्या खेपेला बारकाईने बघेन. पण बघा, हे कळायला मला शिल्पकारवार मांडणी नाही लागली, दोन वाक्यं लागली.

माळरान
बरोबर, आणि ती दोन वाक्यं पाटीवर कुठायत? पाटीवर गोष्ट असते, हात नसतो. अटलांटा विमानतळावर टी आणि ए कॉनकोर्सच्या मधल्या भुयारी रस्त्यात झिंबाब्वेची शिल्पं आहेत, लोक बॅगा ओढत बाजूने जातात, तिथंही प्रदर्शनाच्या नावात देश आणि परंपरा. रोखठोक, आत्मा काढा असं मी म्हणतच नाहीये. मातेमेराचे आत्मे मातेमेराच्या नावावर लावा एवढंच म्हणतोय.

रोखठोक
ठीके, पण एक व्यवहाराचं सांगा. ८० शिल्पं, त्यात बऱ्याच जणांचं एकेकच असणार. शिल्पकारवार लावलं तर ज्याची पाच त्याचा मोठा कोपरा आणि ज्याचं एक तो कुंपणाशी. आठ विभागांत निदान नवशिका मुकोंबेरान्वाच्या शेजारी उभा राहतो. त्याला तेच हवं असेल की तुमचा कोपरा?

कोरडवाहू
हा मुद्दा भारीय. मग दगड हलवू नका, नकाशा दोन बाजूंनी छापा, एका बाजूला आठ विषय आणि दुसऱ्या बाजूला शिल्पकारांची नावं नि त्यांची शिल्पं कुठे कुठे आहेत ते.

छिन्नीहातोडा
छापा. आणि खाली लिहा की हात लावून बघायला हरकत नाही, फक्त उन्हात तापलेल्या काळ्या दगडाला जपून.