बॉक्स्टर एस, '५५० स्पायडर' पन्नाशी आवृत्ती: न्यू जर्सीत स्वतः विकायची आहे, सल्ला हवा

एडिसनकर:
नमस्कार मंडळी. २००४ ची पोर्शे बॉक्स्टर एस विकायची आहे. पोर्शेच्याच '५५० स्पायडर' या जुन्या रेसिंग गाडीला ५० वर्षं झाली म्हणून काढलेली, जगभरात १९५३ गाड्यांची आवृत्ती. जीटी सिल्व्हर रंग, तपकिरी छप्पर, आत कोको रंगाचं चामडं, सहा गीअरची मॅन्युअल. ५१,००० मैल झालेत. टायटल (मालकीचा कागद) क्लीन, कर्ज नाही, दोन्ही चाव्या आहेत. डीलर साध्या बॉक्स्टर एसचाच भाव सांगतोय, म्हणून थेट गिऱ्हाइकाला विकायचा विचार आहे.
१) पुढच्या बंपरला खडीचे टवके उडालेत, रंगवून घेऊ का?
२) आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या दांड्याचं, ते गेलं तर इंजिनच जाऊ शकतं) मूळचंच आहे. आधी बदलू का?
३) पैसे आणि एमव्हीसीचे (राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयाचे) कागद कोणत्या क्रमाने करायचे?

फ्लॅटसिक्स:
बंपर रंगवू नका. ही गाडी घेणारा माणूस रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊनच येतो. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. बंपर प्लास्टिकचा असल्याने साधं यंत्र तिथे चालत नाही, पण ताजा, गुळगुळीत बंपर बघितला की "पुढून ठोकलीय का?" हा प्रश्न पहिला येतो. खडीचे टवके म्हणजे गाडी रस्त्यावर चालली, एवढंच. त्यांचे जवळून फोटो टाका. बॉनेट, दोन्ही फेंडर आणि दारांची जाडी स्वतः मोजून आकडे जाहिरातीत लिहा.

डीलर साधा भाव देतोय, कारण त्याच्या यादीत ही आवृत्ती वेगळी दिसत नाही. फरक तुम्हालाच सिद्ध करावा लागेल. आतली क्रमांकाची पट्टी, पुढच्या डिकीच्या झाकणाखालचं ऑप्शन कोडचं स्टिकर आणि सर्व्हिस पुस्तिकेतलं तेच स्टिकर, या तिन्हींचे स्वच्छ फोटो हवेत. झाकणाखालचं स्टिकर गेलं असेल तर झाकण बदललंय का, याचा खुलासा आधीच करा.

चाकं नीट बघा. या आवृत्तीत १८ इंची चाकांमागे ५ मिलिमीटरचे स्पेसर (चाक थोडं बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) येतात, आणि त्यांना ५० मिलिमीटरचे बोल्ट लागतात, नेहमीचे ४५ चे नाहीत. टायरवाले कधीकधी स्पेसर काढून बाजूला ठेवतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्पेसर ठेवून आखूड बोल्ट लावतात. मग बोल्टचे आटे पुरेसे बसत नाहीत. एक बोल्ट काढून मोजा, परत लावताना १३० न्यूटन-मीटरला आवळा.

भावासाठी मागितलेल्या किमती बघत बसू नका. ब्रिंग अ ट्रेलर या लिलावाच्या साइटवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या याच आवृत्तीच्या गाड्या शोधा, आणि मैल व गीअरबॉक्स जुळणाऱ्याच धरा. टिपट्रॉनिकचा, म्हणजे ऑटोमॅटिकचा, भाव वेगळा.

गॅरेज_नाना:
आयएमएसबद्दल. २००४ च्या इंजिनात एकेरी रांगेचं बेअरिंग आहे, आणि ते गीअरबॉक्स उतरवून, इंजिन न उघडता बदलता येतं. पण क्लच अजून चांगला असेल तर केवळ विक्रीसाठी एवढा खर्च करू नका. तो किमतीत पूर्ण वसूल होत नाही, आणि काही जणांना स्वतःच्या पसंतीचं बेअरिंग स्वतःच्या मेकॅनिककडूनच बसवायचं असतं. त्यापेक्षा ऑइल बदला, जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडा आणि फोटो काढा. चकाकणारे धातूचे कण नसतील तर तो फोटो जाहिरातीत टाका. असतील तर विक्री थांबवा, आधी निदान.

क्लच मात्र घसरत असेल, तर क्लच, आयएमएस आणि मागचं मुख्य सील एकाच वेळी करा. मजुरी एकदाच लागते.

जाहिरातीआधी पोर्शे जाणणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडून तपासणी करून घ्या, आणि इंजिनच्या संगणकातला ओव्हर-रेव्हचा (इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याचा) अहवाल छापून मागा. त्यात दोन पट्टे असतात. पहिल्या पट्ट्यातल्या नोंदी लिमिटरला (इंजिनचा वेग रोखणाऱ्या मर्यादेला) टेकल्याच्या, त्या बहुतेक गाड्यांत सापडतात. दुसऱ्या पट्ट्यातल्या नोंदी चुकीच्या खालच्या गीअरमुळे होतात आणि गिऱ्हाईक तिथेच थबकतं. नोंद जुनी असेल, म्हणजे त्यानंतर इंजिन शेकडो तास चाललं असेल, तर तेही अहवालात दिसतं, ते दाखवा. त्याच कागदावर इंजिनचे एकूण तास असतात. मैलांना तासांनी भागलं की सरासरी वेग निघतो. तो पंचवीस-पस्तीसच्या आसपास आला तर ओडोमीटरवर शंका घ्यायला फारशी जागा राहत नाही.

आता पाणी. या गाडीला खरा धोका पावसाचा. छप्पर घडी होऊन बसतं त्या खणाच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायची भोकं आहेत. पानांनी ती तुंबली की पाणी आत उतरतं आणि ड्रायव्हरच्या सीटखालच्या इमोबिलायझरच्या डब्यात जातं. मग किल्ली ओळखली जात नाही, गाडी सुरूच होत नाही. छप्पर अर्धं उघडून, गवत कापायच्या यंत्राची लवचीक नायलॉन दोरी घालून भोकं साफ करा. हवेचा झोत मारू नका, खालची नळी सांध्यातून निसटते. मग सीटखालचा गालिचा हाताने दाबून बघा. मागच्या डिकीतला गालिचा ओला असेल तर कूलंटची टाकी तडकलीय.

थंड इंजिन सुरू करताना पांढऱ्या धुराचा मोठा लोट येत असेल तर एअर-ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग) गेलाय. तो बदलूनच विका, नाहीतर गिऱ्हाईक इंजिन गेलं समजून निघून जाईल. म्हणूनच लोक गाडी बघायला येतील तेव्हा इंजिन आधी गरम करून ठेवू नका, समोर थंड सुरू करा.

आणि तपासणीच्या आठवड्यात बॅटरी सोडू नका. संगणकाचे रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच केलेल्या तपासण्यांच्या नोंदी) पुसले जातात आणि ते परत तयार व्हायला बरंच चालवावं लागतं. एवढ्यात कोणी स्कॅनर लावला तर तुम्ही एरर कोड पुसलेत असंच वाटणार.

जर्सीची_मीनल:
कागद. टायटलच्या मागे घेणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख, मैल, किंमत आणि तुमची सही. खाडाखोड किंवा व्हाइटनर चालत नाही, टायटल बाद होतं आणि डुप्लिकेटला ६० डॉलर लागतात. नाव लिहिल्याशिवाय सही केलेलं टायटल कोणालाही देऊ नका. २०१० पर्यंतच्या मॉडेलना ओडोमीटरची केंद्रीय सक्ती आता नाही, पण खरा आकडा लिहाच. बिल ऑफ सेलच्या दोन प्रती करा, त्यात व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक), किंमत आणि 'आहे त्या स्थितीत' असा स्पष्ट उल्लेख असू द्या. ६.६२५ टक्के विक्रीकर घेणारा भरतो, त्यासाठी कोणी किंमत कमी लिहायला सांगितली तर साफ नकार द्या. तुमच्या सहीचा कागद आहे तो.

नंबर प्लेट गाडीसोबत जात नाहीत. काढून एमव्हीसीत जमा करा, पावती घ्या, आणि त्यानंतरच विमा बंद करा. क्रम उलटा झाला तर विम्याशिवायची नोंदणी म्हणून पत्र येतं.

टेस्ट ड्राइव्हआधी विमा कंपनीला विचारा. ठरलेल्या किमतीच्या पॉलिसीत अनोळखी चालक कधीकधी बसत नाही. लायसन्सचा फोटो घ्या आणि शेजारी बसा.

एडिसनकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. टेक्सासहून एकाचा मेसेज आलाय. न बघता पूर्ण किंमत देतो म्हणतो, कॅशिअर्स चेक (बँकेने काढलेला चेक) टपालाने पाठवेल आणि ट्रक तोच पाठवेल. त्याआधी एका वेबसाइटवरून गाडीच्या इतिहासाचा अहवाल विकत घ्यायला सांगतोय.

जर्सीची_मीनल:
उत्तर देऊ नका. अनोळखी साइटवरचा अहवाल विकत घ्यायला लावणं ही कार्डाची माहिती काढायची ठरलेली पद्धत आहे. टपालाने आलेल्या चेकचे पैसे खात्यात दिसले तरी तो चेक खोटा निघाल्याचं काही आठवड्यांनी कळू शकतं आणि बँक रक्कम परत ओढून घेते. खरा गिऱ्हाईक जवळचा असेल तर त्याच्या बँकेत जा, चेक तुमच्यासमोर काढू द्या. लांबचा असेल तर वायर (बँकेतून थेट खात्यात) घ्या, आणि पैसे आल्याची खात्री स्वतःच्या बँकेला स्वतः फोन करून करा, त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून नाही.

फ्लॅटसिक्स:
लांबचं गिऱ्हाईक खरं असेल तर तो स्वतःच्या खर्चाने न्यू जर्सीतल्या त्याच्या पसंतीच्या गॅरेजमध्ये पुन्हा तपासणी मागेल. ती करू द्या, गाडी तुम्हीच घेऊन जा. वायर आल्यावरच बंद ट्रकमध्ये चढवा. टूलकिटमधलं टोइंगचं कडं, रेडिओचं कोड-कार्ड आणि दुसरी किल्ली पाकिटात घालून ड्रायव्हरच्या हातात न देता कुरिअरने वेगळी पाठवा. चढवण्याआधी चारी बाजूंचे फोटो काढा आणि ट्रकवाल्याची सही घ्या, म्हणजे वाटेत ओरखडा आला तर तो कोणाचा हा वाद राहत नाही.